डॉक्टरसाहेबांची रशियन

निमगाव केतकीत एखादी पोरगी काय शिकते, हे तिला सोडून बाकी सगळ्यांना पक्कं माहीत असतं. योगिनी पुण्याला विद्यापीठात रशियन भाषेत एम.ए. करत होती, तर गावानं तिला परस्पर डॉक्टर करून टाकलं. रशियाला माणूस जातो तो डॉक्टर व्हायला. त्या भाषेचा दुसरा काही उपयोग असेल, हे इथं कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. दोन वर्षं ती घसा फोडून सांगत होती, की मी भाषा शिकते, पुस्तकं वाचते. लोक शहाण्यासारखी मान डोलवायचे आणि पाय पुढं करून विचारायचे, "मग ही टाच कशानं दुखती गं?"

तिच्या बापाला, गोकुळतात्याला, खरं काय ते ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उजेड पडला? रशियन आणि मराठी माणसं नात्यातल्यांना हाक कशी मारतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तो ऐकून तात्या पोट धरून हसला. "मावशीला तिकडं काय म्हंत्यात, ह्येच्यासाठी दोन वर्सं? फोन करून इचारायचं की!" मग पानमळ्यात पानं खुडणाऱ्या बायकांना त्यानं ते आठवडाभर रंगवून सांगितलं. पोरगी जाडजूड रशियन कादंबरी शब्दकोश न उघडता वाचते, रशियाहून आलेल्या बाईंशी तासभर वाद घालते, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

अशात एप्रिलमध्ये वडगाव निंबाळकरच्या भीमरावांचं स्थळ आलं. मुलगा यशराज, रशियात सहा वर्षं काढून आलेला डॉक्टर. इथं डॉक्टरकी करायला लागणारी परीक्षा तीनदा देऊन झाली होती आणि तिन्ही वेळा पेपरच अवघड निघाले होते म्हणे. दवाखान्याचा अजून पत्ता नव्हता, पण गाडीच्या काचेवर 'डॉ.' हे अक्षर ठळक चढलं होतं. तात्या हरखून गेला.

"दोगंबी रशियन! घरात बोलत बसतील. आता आला बघ तुज्या शिक्षणाचा उपेग!"

"आणि परीक्षा?" योगिनीनं विचारलं. लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात धरायचं होतं आणि शेवटच्या सत्राची परीक्षा नेमकी तेव्हाच होती.

"फुडच्या वर्सी दे. ती काय पळून चालली?"

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे कळायला एम.ए. व्हावं लागत नाही. आई, संजीवनी, हे ऐकत होती. तिनं "आवो, पंधरा दिवसांचाच तर प्रश्न हाय," एवढं म्हणून पाहिलं. तात्यानं नुसतं डोळे वटारून बघितलं आणि ती चुलीकडं वळली.

रविवारी पाहुणे आले. पसंती झाली तर लगेच कुंकू लावून सुपारी फोडायची, असं आधीच ठरलेलं. पोहे झाले, नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सगळं यथासांग विचारून झालं. भीमरावांना लेकाचं कौतुक मावेना.

"आमचा साहेब तिकडं रशियन माणसांला त्येंच्याच भाषेत झापायचा. काय रं? बोला की दोगं, आमालाबी ऐकू द्या!"

"नको पप्पा, मराठीतच बरंय," यशराज म्हणाला आणि घाम पुसायला लागला.

"लाजतोय! पोरी, तू इचार."

योगिनीनं मान वर केली आणि सोपं, पहिल्या वर्षातलं पोर विचारेल असं रशियनमध्ये विचारलं, "तुम्ही तिकडं कुठल्या गावात राहत होता?"

"दा, दा," यशराज हसून म्हणाला. 'दा' म्हणजे 'हो'.

तिला आधी वाटलं, घाबरला असेल. म्हणून तोच प्रश्न तिनं सावकाश, शब्द सुटे करून पुन्हा विचारला. पुन्हा "दा, दा," आणि पुन्हा तेच हसू. सहा वर्षं! भाजी घेतली नाही या माणसानं कधी? कुणाला रस्ता विचारला नाही? एजंटानं कॉलेजचा प्रवेश मिळवून दिला, तसा कुणी दुभाष्याही नेमून दिला होता की काय? आणि याच्यासाठी तिनं परीक्षेवर पाणी सोडायचं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आठ दिवस उशीत तोंड खुपसून रडलेली पोरगी ती, पण आता रडू कुठल्या कुठं पळालं.

ती सरळ बसली आणि अगदी गोड आवाजात रशियनमध्ये चांगलं लांबलचक बोलली. शेवटी प्रश्न आला, तेव्हा यशराजनं घाईनं मान हलवली.

"दा."

तिनं पुन्हा विचारलं, नक्की ना?

"दा, दा!"

भीमरावांची छाती फुगली. "बगा, कसं फडाफडा चाललंय! जमलं म्हना की!"

"काय म्हनले गं साहेब?" तात्यानं कौतुकानं विचारलं.

"मी म्हटलं, मला परीक्षा द्यायचीय, तुमच्याशी लग्न करायचं नाही. तुम्ही आत्ताच सोयरीक मोडून घरी जाता का?" योगिनी म्हणाली. "ते हो म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं."

कुंकवाचं ताट घेऊन दारात आलेली संजीवनी तिथंच थांबली.

"काय रं?" भीमराव लेकाकडं वळले. "असं इचारलं व्हतं का हिनं?"

यशराजनं घाम पुसायला पुन्हा रुमाल काढला. व्हय म्हणावं, तर त्यानं स्वतःच्या तोंडानं लग्न मोडलेलं. न्हाय म्हणावं, तर तिनं मग काय विचारलं, ते सांगावं लागणार.