उजव्या हातासाठी

आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, ते दिवाळीच्या तोंडावर. मी तेव्हा सांगलीत एका शाळेत शिकवत होतो. घर शिराळ्याच्या अलीकडच्या गावात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.नं घरी यायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतायचं, असा माझा क्रम होता.

आबा म्हणजे माझे वडील, पलटणीतून निवृत्त झालेले. पाय थोडा सुधारला, बोलणं बरंचसं परत आलं, हात मात्र आला नाही. आई भरवायला बसली की ते तोंड फिरवत. "मी काय तान्हं पोर हाय?" म्हणत. आपल्या हातानं जेवायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते आपण पुरं करायचं, असं मी ठरवलं.

शाळेतल्या हस्तकलेच्या शिक्षकांनी सल्ला दिला, "आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. चुकला तर फेकून देता येतो." मी एक वही घातली. आबांच्या हाताची मापं घेतली. कोपर कुठवर उचलतं, बोटं किती मिटतात, घास कुठं सांडतो, सगळं त्यांना विचारून लिहिलं. दर आठवड्याला चार-पाच आकृत्या काढायच्या, त्यातली एक निवडून करायची आणि रविवारी आबांच्या पुढ्यात ठेवायची.

पहिला होता चमचा, चांभाराकडून पट्टा शिवून घेतलेला, तळहाताला बांधायचा. तो तोंडाशी पोचता पोचता उलटायचा. मग दांडा वाकवला. मग भाकरी सरकू नये म्हणून कड असलेला पाट केला. शेवटी कोपर उचलायला आढ्याला कप्पी लावून दोरी सोडली आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी बांधली. गावातला सुतार ती बसवायला आला होता. दोरी खालीवर होताना बघून म्हणाला, "आबा, मोट जुपली जनू! आता बैलं तेवढी आना."

आबा अर्ध्या तोंडानं हसले. "बैल हाय की ह्यो. सांगलीस्नं येतूय दर शनवारी."

प्रत्येक वस्तूनं ते दोन-तीन घास खात, कपाळाला घाम येई, धोतरावर दूध सांडे. मग म्हणत, "झ्याक हाय रं. पोट भरलं." मी वहीत लिहायचो: कोन बदलणे. पट्टा रुंद करणे.

माघात एका बुधवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली. मी न कळवता घरी आलो. भर दुपार होती. दार अर्धं लोटलेलं आणि आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. मला बघून ती सूप घेऊनच उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

"थांब जरा. आबा जेवत्यात."

तिच्या खांद्यावरून मला दिसलं. आबा भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि डाव्या हातानं जेवत होते. दूध-भाकरीचा काला. हात कुठंही अडखळत नव्हता. थेंब सांडत नव्हता. त्यांनी ताटली बोटांनी पुसून घेतली.

"कधीपासनं?" मी हळूच विचारलं.

"दिवाळीपासनंच. डाव्या हातानं अन्नाला शिवतुया, ह्ये कुनाला कळू नगं म्हनल्यात. तुला तर आजाबात न्हाई."

"मला का?"

"तू येवढा राबतुयास म्हून."

मी गोठ्यात जाऊन बसलो. आतून चूळ भरल्याचा आवाज आल्यावर खाकरलो आणि घरात गेलो. आबांचा डावा हात घोंगडीखाली होता.

"आज कसा रं?"

"सुट्टी मिळाली."

"नवीन काय आनलंस?"

"शनिवारी आणतो."

"बरं," ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त एकच वाक्य डोक्यात घोळत होतं: आबा, माझ्यासमोर डाव्या हातानं जेवा. एवढं बोललो असतो तर बाकी काहीच करावं लागलं नसतं. पण बोललो असतो तर मी पाहिलं हे त्यांना कळलं असतं. वस्तू आणणं थांबवलं असतं तरी कळलं असतं. मापं घेताना मी त्यांना इतकं विचारलं होतं, पण दुसऱ्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मलाही तो जेवायचा हात वाटला नव्हता. आणि मी घरी असतो तेवढे दिवस ते अर्धपोटी राहतात, हे त्या गाडीत मला पहिल्यांदा समजलं.

त्यानंतरही मी चार वस्तू आणल्या. आबांनी चारही वापरून बघितल्या. दोन-तीन घास झाले की मी पुस्तक काखोटीला मारायचो आणि "ओढ्याकडं वाचत बसतो," म्हणून बाहेर पडायचो. तासभर यायचो नाही. मी येईतो ताटली घासून पालथी घातलेली असे. आम्ही तिघंही तिच्याबद्दल बोलत नसू. वहीत मी हे कधी लिहिलं नाही.

पावसाळ्यापूर्वी आबा गेले. शेवटचा चमचा पिशवीतच राहिला.

दिवस झाल्यानंतरच्या रविवारी आईनं माझं ताट वाढलं. दोन-तीन घास खाऊन मी हात धुतला, पुस्तक घेतलं आणि उंबऱ्यापर्यंत गेलो.

"आता कुठं निघालास?" आईनं विचारलं.

मी तिथंच उभा राहिलो. कप्पीची दोरी अजून आढ्यावरून लोंबत होती.