दुर्कसबाईंची अन्य भाषा

रविवारची उपासना आटोपलीय, जेवण झालंय, भांडी तशीच मोरीत टाकून मी आडवी झालेय. डोळा लागतोय आणि लागत नाहीये. पाच वाजता रजनीताई शिंगारे आणि त्यांचा प्रार्थनागट माझ्या घरी येणार आहे, माझ्या डोक्यावर हात ठेवायला. आणि पाच वाजता मी त्या सगळ्यांना फसवणार आहे. ते ठरवूनच आडवी झाले, मग झोप तरी कशी यावी.

नीट सांगते. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, सध्या आत्म्याच्या दानांवर फार जोर आहे. पवित्र आत्मा माणसांना दानं देतो. कुणाला शिकवायचं दान, कुणाला आजारी माणसाला बरं करायचं, कुणाला अन्य भाषा बोलायचं. अन्य भाषा म्हणजे काय, तर प्रार्थना करता करता जीभ सुटते आणि बोलणाऱ्यालाही न कळणारे शब्द वाहायला लागतात. गटातल्या अकरा जणींपैकी दहा जणींना ते दान मिळालंय. अकरावी मी, सुवार्ता त्रिभुवन, निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं श्रीरामपुरातल्या पोरांना मराठी शिकवलं. मराठीच्या बाहेरचं एक अक्षर माझ्या तोंडून फुटत नाही.

वर्षभर मागतेय हो. उपास केले, गुडघे टेकून गुडघे दुखवून घेतले. रजनीताई मनाच्या चांगल्या आहेत, पण परवा म्हणाल्या की बाई, कुठंतरी आडकाठी असेल, मनात काही लपवून ठेवलंय का बघा. जीभ मोकळी व्हायला एकच शब्द भराभरा म्हणत राहा, असंही सांगितलं. मी आठ दिवस भाजी चिरताना बटाटा बटाटा बटाटा करत बसले. शेवटी शेजारच्या पगारेवहिनी विचारायला आल्या, बटाटे जास्तीचे आणलेत का. तेव्हा मात्र म्हटलं, पुरे झालं. आज हात ठेवले की काहीतरी बडबडायचं आणि सुटायचं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय नडलंय. नडलंय. माझे यजमान शांतवन, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. पाठ आहे तेवढी येते. हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या, इथून निघते आणि आमेनला पोचते, मध्ये मी कुठंच नसते. माझे शब्द संपलेत, तर आत्म्यानं त्याचे द्यावेत असं वाटतं. निदान माझ्या तोंडून कुणीतरी देवाशी बोलेल.

आणि चीड कशाची येते, तर हे दान आमच्या घरातच होतं. माझ्या सासूबाई दुर्कसबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, अन्य भाषेसाठी जिल्ह्यात नावाजलेल्या होत्या. संजीवन सभांना, म्हणजे मंडप घालून भरतात त्या मोठ्या प्रार्थनासभांना, त्यांना मुद्दाम गाडी पाठवून न्यायचे. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांना जीव लावला आणि त्याच दिवसापासून त्यांचा हेवाही केला. त्यांना जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

मोरीत भांड्याचा आवाज होतो.

राहू द्या आत्याबाई, मी म्हणते, उठल्यावर घासते मी. त्या मोरीशी उकिडव्या बसल्यात, रविवारचं पांढरं पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कढईला राख लावतायत. या घरात राख मिळून पंधरा वर्षं झाली असतील. त्या गेल्यात हे मला चांगलं माहीत आहे, पण त्याचं काही वाटत नाही. भांडी त्यांना घासावी लागतायत याचंच वाईट वाटतंय.

"तू कधी घासणार?" त्या म्हणतात. "तू तर पाच वाजता अन्य भाषा बोलणारेस."

आमटीत मीठ जास्त पडलं की ज्या आवाजात सांगायच्या, त्याच आवाजात. मी तोंडावर चादर ओढायला जाते तर चादर नाही. मी चर्चच्या बाकावर बसलेय, पाठ ताठ, आणि बाक माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला लागून आहे. आत्याबाई हात पुसत शेजारी येऊन बसतात. जरा सरक गं, म्हणतात. त्यांना नेहमी भिंतीकडची जागा लागायची, म्हणून मी सरकते.

मग मी भांडते. स्वप्नात माणसाला धीर येतो. त्यांना म्हणते, तुमच्याकडे एवढं होतं, मला जाताना बांगड्या दिल्यात, शिवणयंत्र दिलंत, ते पुरणाचं पातेलं दिलंत, हे तेवढं दिलं नाहीत. आता द्या. मला चोरी करायला लावू नका. त्या माझ्याकडे बघतात आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावतात. ही त्यांची जुनी खोड. चर्चमध्ये पाळकसाहेबांचं उपदेशात काही चुकलं की त्या अशाच पदराआड जायच्या आणि मला कोपर मारायच्या.

"काय देऊ?" त्या म्हणतात. "माझ्याकडं वीस-पंचवीस शब्द होते. त्यात एक गाढव होतं."

गाढव? मी विचारते. गाढव, त्या म्हणतात, आणि मीठ, आणि पाणी, आणि पहार.

ओट्याच्या जागी आता मंडपाचा खांब आहे. कापडी मंडप, पताका, समोर सतरंज्यांवर पाच-सहाशे माणसं. माझ्या लग्नाच्याही आधीची सभा आहे ही, मला कळतं, कारण पुढच्या रांगेत शांतवन बसलेत आणि ते आठ वर्षांचे आहेत, नाक गळतंय. हाक मारायला जाते तर आत्याबाई दंडाला धरतात. त्याला राहू दे, म्हणतात, तिकडं बघ.

तिकडे त्याच आहेत, तेहेतीस वर्षांच्या, वेणी सुटलेली, गुडघ्यांवर. त्यांची मुलगी मार्था, तीन वर्षांची, तापानं गेली त्याला आठवडा झालाय. हे मला शांतवनकडून माहीत होतं. पुढचं माझ्या शेजारच्या आत्याबाई मला सांगतायत, हळू आवाजात, चर्चमध्ये सांगायच्या तशा. त्या जन्मानं वडाऱ्यांच्या, दगड फोडणाऱ्यांच्या पालावरच्या. एका साथीत पालावरची निम्मी माणसं गेली, तेव्हा सहा वर्षांच्या पोरीला कुणीतरी मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं. नाव दुर्गी. तिथल्या मॅडमनी बायबलातलं दुर्कस केलं. जवळचंच आहे, म्हणाल्या. वडारी बोलली की पोरी हसायच्या, म्हणून हिनं बोलणंच सोडलं. नवऱ्यालाही कधी कळू दिलं नाही. आणि त्या दिवशी मंडपात, पोर गेलेली, पुढं जाऊन गुडघे टेकले, तर मराठीत काही येईचना.

गुडघ्यांवरची दुर्कसबाई तोंड उघडते आणि म्हणते, "अम्मा रा. अम्मा रा."

म्हणजे आई ये, आत्याबाई सांगतात. माझ्या आईला हाक मारली गं मी. दुसरं काय.

पण मंडपातल्या कुणाला वडारी येत नव्हतं. उपदेशकांनी डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं जाहीर केलं की आत्म्यानं या बहिणीला अन्य भाषेचं दान दिलंय. पाचशे माणसं रडायला लागली. आता सांगा, त्या वेळी उठून कोण म्हणणार, की साहेब, ही वडाऱ्यांची बोली आहे? त्या नाही म्हणाल्या. पुढच्या वर्षी बोलावणं आलं, गेल्या. आईची हाक सारखी मारवेना, म्हणून आठवतील ते शब्द म्हटले. वीस-पंचवीसच शिल्लक होते. तेच उलटसुलट करत पंचेचाळीस वर्षं काढली. आणि खंडागळे मास्तर, त्यांना अर्थ सांगण्याचं दान होतं, ते शेजारी उभे राहून अर्थ सांगायचे. या गाढव म्हणाल्या की मास्तर डोळे मिटून म्हणायचे, प्रभू सांगतो, मी तुमची आसवं पुसीन.

मला हसू फुटतं. दोघी बाकावर बसून हसतोय, पदर तोंडात कोंबून, अगदी पूर्वीसारख्या. हसता हसता माझं मन फिरतं आणि मला राग येतो. पंचवीस वर्षं मी या बाईचा हेवा केला. पंचवीस वर्षं वाटलं, माझ्यातच काही कमी आहे.

"म्हणजे सगळं खोटंच होतं," मी म्हणते.

"पहिल्या दिवशीचं खरं होतं," त्या म्हणतात. "दुसऱ्या दिवसापासूनचं खोटं."

मंडपाचं कापड आता नाहीये. आम्ही खाणीत आहोत, ऊन उतरतंय, बाक खडीच्या ढिगावर तिरका झालाय. आत्याबाई खाली दगडापुढे बसून हातोडी चालवतायत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण हात सहज पडतोय, दगडाची शीर कुठं आहे ते त्यांना दिसतंय. सांगत राहतात. तुझे मामंजी गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, म्हणतात. मला देवाला एवढंच सांगायचं होतं की मला एकटीला भीती वाटते. पण सगळे वाट बघत होते, दुर्कसबाई आता अन्य भाषेत बोलतील. तर मी मीठ म्हणाले, पाणी म्हणाले. भीती वाटते हे राहूनच गेलं. ते मी देवाला मरेपर्यंत सांगितलं नाही.

मी खाली उतरून त्यांच्यापाशी बसते. खडी टोचते. माझ्या आत्याबाईंना भीती वाटत होती आणि मी पलीकडच्या खोलीत चहाच्या कपबश्या मांडत होते, हे मला सहन होत नाही. तसं मी त्यांना सांगते. त्या म्हणतात, तुला काय माहीत असणार, वेडे, तुझ्या चहावर तर मी तो दिवस काढला.

मग मला विचारायचं ते विचारते. म्हणते, मला एकदाच करू द्या. आजच्या दिवस. त्या बायका माझ्यासाठी येतायत, त्यांना बरं वाटेल, मलाही आडकाठीवाली म्हणून मिरवावं लागणार नाही. आत्याबाई हातोडी ठेवतात. त्या मला नको म्हणत नाहीत, देवाची भीतीही घालत नाहीत.

"कर," त्या म्हणतात. "पण मग उद्यापण करावं लागतं. आणि तुझ्याकडं तर गाढवसुद्धा नाही."

दान मागूच नको का मग, मी विचारते. माग की, म्हणतात, देणारा तो आहे, त्याला वाटलं तर देईल, नाही वाटलं तर नाही. पण आधी त्याच्याशी बोल तरी. बोल, मी ऐकते.

मी डोळे मिटते. हात जोडते. हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरं तुझ्या कृपासनापुढं...

"कुणाशी बोलतीस?" त्या म्हणतात. "कलेक्टरशी?"

त्या पुढं सरकतात आणि माझी हनुवटी पकडतात. लहान पोराला औषध पाजताना धरतात तशी, गाल दाबून, तोंड उघडेल अशी. तळहात खरखरीत आहे, गार आहे. त्यांचा चेहरा इतका जवळ आहे की पापण्यांवरची धूळ दिसते. मला वाटतं, त्यांनी असंच धरून ठेवावं. शांतवन तिकडं तुमच्यापाशी आहेत का, हे विचारायचंय मला, पण तोंड दाबलेलं आहे.

"बोल," त्या म्हणतात. "सुवार्ते, बोल बाई."

दाराची घंटा वाजतेय.

मी पलंगावर बसलेय. घड्याळात पाचला पाच कमी. मोरीत भांडी आहेत तशी आहेत. घंटा पुन्हा वाजते, बाहेर बायकांचा आवाज, चपला काढल्याचा आवाज. केस सारखे करत दार उघडते. रजनीताई आत येतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, बाई, हनुवटीला काय लागलंय, पीठ का? आरशात बघते. हनुवटीवर आणि दोन्ही गालांवर पांढरा भुगा आहे, एका बाजूला अंगठा, एका बाजूला चार बोटं. जिभेवर घेते. पीठ नाही. दाताखाली करकरतं.

मी ते पुसत नाही.

खुर्ची मधोमध ठेवतात, मला बसवतात. दहा जणींचे हात डोक्यावर, खांद्यांवर. हात उबदार आहेत, कुणाच्यातरी हाताला लसणाचा वास आहे, आणि त्या खरंच माझ्यासाठी आल्यात. रजनीताई प्रार्थना करतात, मग थांबतात. सगळ्या वाट बघतायत. त्या कानाशी म्हणतात, येऊ द्या बाई, जे येईल ते येऊ द्या.

मी तोंड उघडते.

"देवा," मी म्हणते, "शांतवनला नेलंस तेव्हा मी आत त्यांचा सदरा इस्त्री करत होते. दुसऱ्या दिवशी घालायचा सदरा. तू मला हाकसुद्धा मारली नाहीस."

डोक्यावरचा एक हात दचकून उचलला जातो. बाकीचे तिथंच राहतात.

"मी तुझ्यावर रागावलेय," मी म्हणते. "दोन वर्षं झाली, फार रागावलेय. बस इथं. उठून जाऊ नकोस."