'ने' म्हणजे काय

अकोल्याचा माझा मित्र आणि अमरावतीचा मी, आम्ही दोघांनी मिळून एक सॉफ्टवेअर चालवलं. कंप्युटरवरचे फोटो-व्हिडिओ नीट लावून देणारं. कोणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, बदलावं असं. कमांडची नावं त्याने वऱ्हाडीत ठेवली होती. 'पाय' म्हणजे बघ, नुसती यादी दाखव. इंग्रजी अक्षरांत ते 'pay' असं वाचून एका परदेशी माणसाने विचारलं होतं, पैसे किती भरायचे? मित्र त्यावर आठवडाभर खूश होता.

माहितीपुस्तिकाही त्यानेच लिहिली. लांबच लांब. कोणतं नाव कुठल्या टपरीवर सुचलं, तेव्हा कोण काय म्हणालं, सगळं त्यात होतं. मी वैतागायचो. "एक पान लिही. एक कमांड, एक ओळ. काम अडलेल्या माणसाला गोष्टी नको असतात."

"लोकं मले फोन करतेत ना," तो म्हणायचा. "मंग कागद कायले पाह्यजे?"

यंदा हिवाळ्यात तो गेला. हार्ट अटॅक. तेरवीनंतर वहिनींचा फोन आला. त्याचे सगळे व्हिडिओ एकाच जुन्या कंप्युटरवर होते आणि तो मधेच बंद पडत होता. मी अकोल्याला निघालो. बसमध्ये रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मूर्तिजापूरला उतरून चहा प्यायलो. चहा चांगला होता, याचाच राग आला.

दुपारी त्याच्या खुर्चीवर बसलो. नवी हार्ड डिस्क जोडली, 'ने' टाइप केलं आणि थांबलो. ही कमांड त्याने लिहिलेली, मी कधी वापरली नव्हती. वहिनी मागे उभ्या होत्या.

"भाऊजी, तिकडे नेल्यावर इथलं तसंच राह्यते ना?"

पुस्तिका उघडली. 'ने'वर दोन पानं होती. आईने डबा पुढे करून "ने ना बापा" म्हटलं, त्यावरून नाव सुचलं, वगैरे. मूळ फाइलचं काय होतं, ते कुठेच नव्हतं. माझा हात सवयीने मोबाइलकडे गेला, त्याचा नंबरही काढला. मग मोबाइल पालथा ठेवला. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

शेवटी कोड उघडून ओळ न् ओळ वाचला. फाइल दुसरीकडे पोचली की नाही हे न बघताच इथली पुसली जात होती. हे सांगितलं तेव्हा वहिनी पलंगावर बसल्या. मग सगळे व्हिडिओ मी हाताने कॉपी केले, एकेक उघडून तपासले. प्रत्येकात तो बोलत होता. मी आवाज बंद ठेवला.

काम झाल्यावर तिथेच ते एक पान लिहायला घेतलं. 'ने'पाशी आलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. "ने : फाइल तिकडे जाते. इथे राहत नाही."

त्यांनी पुढे वाकून ती ओळ स्वतः वाचली.

"पोचली का नाई ते समजत नाई," त्या म्हणाल्या. "हेबी लिवा ना, भाऊजी."

तेही लिहिलं.