सूर्यात फोडतात की जोडतात?

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर हीटर बसला, त्या आठवड्यात आईने जेवता जेवता विचारलं, "सूर्यात जळतं तरी काय गं? संपत कसं नाही?"

"अणूचं काहीतरी असतं," मी म्हटलं.

"म्हणजे अणुवीज केंद्रात होतं तसंच?"

"वरच्या काकांना विचार," मी म्हटलं. चौथ्या मजल्यावरचे काका अशाच एका केंद्रातून निवृत्त झालेले. जिन्यात भेटले तर पाणी आलं का, याच्यापलीकडे बोलत नसत. आई संध्याकाळी डब्यात खांडवी घेऊन सरळ त्यांच्याकडे गेली. मागोमाग मीही.

प्रश्न ऐकून काका खुलले. "आम्ही फोडायचो, वहिनी. युरेनियमचा अणू मोठा, डळमळीत. न्यूट्रॉन आदळला की दुभंगतो आणि उष्णता देतो. त्यावर पाण्याची वाफ, वाफेवर वीज. सूर्याचं उलटं. तो हायड्रोजनचे चिमुकले अणू जोडतो."

"मग जोडणं सोपं की!"

काकांनी जुन्या स्पीकरमधली दोन चुंबकं शोधून आणली, सारखी टोकं समोरासमोर धरून तिच्या हातात दिली. "जोडा."

आईने जोर लावला. एक चुंबक निसटून सोफ्याखाली गेलं. ते काढून, बांगड्या मागे सारून तिने पुन्हा प्रयत्न केला.

"ढकलतायत हो एकमेकांना!"

"अणूंचे गाभेही असेच ढकलतात. सूर्य स्वतःच्या वजनाने त्यांना दाबून धरतो. तेवढा दाब आपल्याकडे नाही, म्हणून इथे सूर्याच्या गाभ्याहूनही जास्त, कोट्यवधी अंश तापवावं लागतं. एवढं तापलेलं ठेवायला भांडं कुठलं आणणार? म्हणून चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरतात. अणू जोडले जातात, पण ते टिकवून त्यातून घरोघर वीज देणं अजून जमलेलं नाही."

"आणि राख?"

"आमची राख, म्हणजे वापरलेलं इंधन, हजारो वर्षं सांभाळायची. जोडण्यात तसली उरत नाही. भट्टीच्या भिंती मात्र किरणोत्सारी होतात."

आईने चुंबकं काकांना परत दिली. मग म्हणाली, "तुम्हाला कधी जोडायच्या कामात जावंसं नाही वाटलं?"

हे विचारायला नको होतं, असं मला वाटलं. काका मात्र शांतपणे म्हणाले, "वाटलं ना. अर्ज केलेला. निवड झाली नाही. वाईट वाटलं तेव्हा. पण आमच्या विजेवर लोकांचे पंखे फिरले, तेही काही कमी नाही."

आता पेपरात कुठे कृत्रिम सूर्याची बातमी आली की आई कात्रण घेऊन वर जाते. काका आधी चहा ठेवतात, मग चष्मा लावतात.