रेसच्या गाडीचे आर्म

"साहेब, तेवढा शेंदूर पुसून द्या. डाग राह्यते," विनायकराव म्हणाले. दसऱ्याची सकाळ होती. तळेगावहून ते मला सोनं द्यायला आणि आपलं सामान न्यायला आले होते.

ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कारंजाला हायवेवर माझं ट्रकचं वर्कशॉप होतं. विनायकराव ट्रान्सपोर्टवाले, भारी हौशी माणूस. त्यांनी मद्रासकडून एक जुनी रेसची गाडी आणली. एकच सीट, चारही चाकं बॉडीच्या बाहेर, उघडी. सोबत पोतंभर सुटे पार्ट. एकावरही नंबर नाही की शिक्का नाही. "कुठचं काय हाय, तेवढं सांगा," म्हणून पोतं माझ्याकडे टाकून गेले होते.

आतले बहुतेक सस्पेन्शन आर्म निघाले. म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारे पाइपचे त्रिकोण. चाक खाली-वर होऊनही जागेवर राहतं, ते यांच्या जिवावर. नंबर नसला की अंगावरच्या खुणा वाचायच्या. खडी लागून जिकडचा रंग उडाला, ती बाजू पुढची. ब्रेकच्या पाइपची क्लिप जिकडे, ते टोक चाकाकडचं. 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं मी खडूने लिहून ठेवलं आणि स्वतःवर खूश झालो.

नवमीला आमचे फोरमन शामराव यांनी रिवाजाप्रमाणे सगळ्या लोखंडाची पूजा केली. जॅक, पाने, व्हाइस, आणि त्यांच्याच रांगेत हे आर्म. प्रत्येकाला तेल-शेंदराचा जाड पट्टा.

विनायकरावांनी सांगितलं म्हणून मी एक आर्म रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि पूजेच्या पाटाशेजारी ठेवला. तिथली रांगोळी त्याला चिकटली. झटकायला उचलला, तर पांढऱ्या भुकटीतून केसाएवढी शेंदरी रेघ वर येत होती. वेल्डिंगच्या कडेने, अर्धा पाइप फिरून.

ती चीर होती. तेल चिरेत शिरतं आणि कोरडी पावडर त्याला परत बाहेर ओढते. कारखान्यांत चीर शोधतात ती अशीच, फक्त महागाचं सामान वापरून. दुसरा आर्म पुसला, रांगोळी भुरभुरली. तीच रेघ, त्याच जागी. तिसऱ्यालाही.

"विनायकराव, गाडीला लावलेले आर्म कुठले?"

"याच्यातलेच. बरे दिसले थे लावले."

"गाडी कुठे आहे?"

"सुधीर आज सीमोल्लंघनाले काढणार हाय. हायवेवर." माझं तोंड पाहून ते थांबले. "काऊन?"

सुधीर त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्यांना रेघ दाखवली. पुढचं सांगावं लागलं नाही. ट्रकवाला माणूस, त्यांना चीर कळत होती.

मी जॅक आणि पहार उचलली. शामराव आडवे आले. "साहेब, आज औजाराले हात नाई लावत."

"देवाचं मी पाहून घेईन. व्हा बाजूला."

तळेगावच्या रस्त्यात कुठे माणसं जमलेली दिसली, की विनायकराव माझा दंड गच्च धरायचे. जीप मी कशी चालवली, मला आजही सांगता येणार नाही.

गाडी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी होती. झेंडूची माळ घातलेली, इंजिन चालू. सुधीर आत बसून हसत होता.

"बाबा, काय पयते गाडी. एक चक्कर मारून आलो. फक्त जराशी डावीकडे ओढून राह्यली."

मी त्याला उतरवलं, पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं आणि हाताने हलवलं. पहारीची गरजच पडली नाही. कट्‌ असा आवाज झाला, चाक बाहेर कलंडलं आणि आर्म दोन तुकडे होऊन लोंबायला लागला.

"मी दुसऱ्या चकरीले निघालोच होतो," सुधीर म्हणाला. "तुमची जीप दिसली म्हणून थांबलो." विनायकराव तिथेच रस्त्यावर मटकन बसले.

गाडी ट्रकमध्ये घालून परत नेली. ती पुन्हा रस्त्यावर आली नाही. बिननंबरी पार्ट घेऊन आजही लोक येतात आणि विचारतात, हा कुठचा? मी सांगतो, तो प्रश्न दुसरा. हा शाबूत आहे का, ते आधी पाहू.