दोन खुंट्यांमधलं रान

चार बंदुका होत्या, आणि चारही केपा फौज्याच्या मुठीत. माझ्या शेतातला रानडुकराचा हाका अशा रीतीनं सुरू झाला आणि माझं डोकं तिथंच फिरलं.

बंदुका ठासणीच्या. दारू आणि छर्रे ठासून ठेवले, तरी घोड्याखाली मसुरीएवढी तांब्याची केप बसवल्याशिवाय बार उडत नाही. केप नसेल तर बंदूक म्हणजे काठी. त्या केपा मी स्वतः हिंगोलीहून आणल्या होत्या, आणि सकाळी फौज्यानं त्या सगळ्यांकडून मागून घेतल्या. ज्याच्या त्याच्या जागेवर बसवल्यावर एकेक परत देणार म्हणाला. चौथी बंदूक त्याची स्वतःची.

फौजी आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. बांगलादेशच्या लढाईतून एका कानानं बहिरा होऊन आला, त्याला तीन वर्षं झाली होती. शेजारच्या गावात आदल्या साली हाक्यात डबा वाजवणाऱ्या माणसाला छर्रे लागून तो जागेवर गेला. म्हणून या वेळी हाका फौज्यानं लावावा असं ठरलं. त्याचं ऐकावं लागणार म्हणून दोघंजण कुरकुरले, आणि कशासाठी ते सगळ्यांना कळत होतं. माझी कुरकुर वेगळी होती. मला कोणाचाच हुकूम चालत नाही.

शेत माझं होतं. बापाकडून आलेलं नव्हे. आखाडा बाळापूरच्या बाजारात आधी कडबा विकला, मग बैलांचे सौदे केले, आणि कयाधूकाठी हा तुकडा घेतला. त्यातला पहिला भुईमूग रानडुकरानं आठ दिवसांत निम्मा उकरून टाकला होता. ते डुक्कर मीच मारणार, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो.

फौज्यानं प्रत्येक बंदुकीसमोर दोन खुंट्या ठोकल्या आणि त्यांना पांढरी फडकी बांधली.

"ह्या दोन खुंट्यांच्या मधलं रान तुमचं. बाहेरचं न्हाई. झुडूप हललं म्हणून बार काढायचा न्हाई. जनावर पुरं दिसलं पाहिजे, आन् त्याच्या मागं काय हाये तेबी दिसलं पाहिजे. तिकडं दुश्मनावरबी आमी असंच करायचो."

"आन् दुश्मन पळून गेला तर?" मी विचारलं.

"जाऊ द्यायचा. उद्या परत येतोच त्यो."

सगळे हसले. मी म्हणालो, "उद्या येऊन माझाच भुईमूग खाईल ना? तुझं काय जातंय? मला डुक्कर दिसलं की मी बार काढणार. खुंटी-बिंटी मी वळखत न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला.

मला त्यानं धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या टोकाची जागा दिली होती. तिथं ससाही फिरकला नसता. डुक्कर निघणार ते ओढ्याच्या तोंडाशी, हे मला ठाऊक होतं. मी बोलणी लावली. शेत माझं, दारू माझी, हाकाऱ्यांचं जेवण माझं. तासभर भांडायची तयारी होती, पण तो लगेच उतरला. "बरं, शेठ. ओढा तुमचा."

बैलाच्या बाजारात समोरचा इतक्या लवकर उतरला, की मी बैलाचे दात दुसऱ्यांदा बघतो. त्या दिवशी जागा मिळाल्याच्या खुशीत होतो. त्यानं तळहातावर ठेवलेली केप न बघताच बसवली.

ऊन चढलं. पलीकडून डब्यांचा आवाज सुरू झाला आणि सरकत सरकत जवळ येऊ लागला. मग समोरचं लव्हाळं हललं आणि डुक्कर बाहेर आलं. खांद्यावरचे केस उभे. माझ्या दोन खुंट्यांच्या बरोबर मध्ये उभं राहिलं, आणि मी घोडा चढवेपर्यंत डावीकडं वळलं. खुंटी ओलांडून पळसाच्या झुडपाकडं पळालं. मी नळी त्याच्यामागं फिरवली आणि चाप ओढला.

खट्.

बार उडालाच नाही. त्या पळसाच्या झुडपातून माझा सालगडी बाहेर आला. गळ्यात तेलाचा डबा, हातात टिपरू. "मालक, इकडंच आलं व्हतं की!" म्हणून हसत होता. हाकाऱ्यांच्या रांगेच्या बराच पुढं आला होता येडा.

त्याला बघून डुक्कर उलटं फिरलं आणि माझ्या अंगावरून म्हणावं असं जवळून मागं ओढ्यात घुसलं. डुकराच्या पलीकडं माणूस कोणी नव्हतं, नुसती दरड. तिथं एक बार झाला. डुक्कर पडलं.

मी केप काढून बघितली. आतून काळी होती. आदल्या दिवशी बंदुका तपासताना उडवलेल्यांपैकी एक.

फौजी ओढ्यातून वर आला. मी त्याची गचांडी धरली.

"उडालेली केप दिलीस मला?"

"व्हय. दिली."

"काहून?"

"खुंटी वळखत न्हाई म्हणले ना तुमी."

"आन् डुक्कर माझ्यावर आलं असतं तर? मेलो असतो ना मी!"

"मी तुमच्या मागं धा पावलांवर व्हतो. माझी केप चांगली व्हती." मग माझा हात सोडवत हळूच म्हणाला, "हळू बोला, शेठ. त्याला कळंल."

सालगडी तिकडं डुकराचे सुळे मोजत होता.

मटणाचे वाटे पडले. मी माझा घेतला नाही.

मला आयुष्यात खोटा माल एकदाच मिळाला, तो असा. लोकांसमोर त्यानं माझी बंदूक काढून घेतली असती, तरी मी समजून घेतलं असतं. मला मुकी बंदूक धरून बसवलं, हे मी अजून विसरलो नाही. सालगडी पुढं कैक वर्षं माझ्याकडं राहिला. त्याच्या लेकरांची लग्नं झाली. त्याला मी सांगितलं नाही, फौज्यानंही नाही.

भुईमूग निघाल्यावर एक पोतं गाडीत टाकून फौज्याच्या दारात नेलं.

"हे कशाचं?" त्यानं विचारलं.

"हाक्याचं."

"हाक्याचा वाटा मटणात घेतला की मी."

"मग दुसरं काय घेशील ते सांग. तुझी किंमत तू सांग."

त्यानं चांगला कान माझ्याकडं केला, जणू नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो. तो नुसता हसला आणि बायकोला चहा ठेवायला सांगितला.

चहा मी प्यालो. पोतं परत गाडीत टाकलं. घरी येईपर्यंत बैलांना विनाकारण मारत होतो.