हातावरचं दही

नगर जिल्ह्यात एखाद्या दवाखान्यात माणूस दगावला आणि नातेवाईक ओरडायला लागले, की डॉक्टर आधी एका वकिलाला फोन लावतो. त्याच वकिलाचं आणखी एक काम आहे. कोणी मसाला काढला, कोणी बियाणं काढलं, कोणाच्या भेळीचं नाव झालं, की त्या नावाची आणि चित्राची नक्कल कोणी करू नये म्हणून तो कागद करून देतो, नक्कल केलीच तर भांडतो. ही दोन्ही कामं त्यानं माझ्या घरावर केलेली आहेत. नकलेचं काम आधी झालं, तेव्हा माझी बायको त्याला देव मानायची. दवाखान्याच्या कामाला ती नव्हती. ते काम तिच्या मरणाचंच होतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण सून म्हणाली, मामा, रोज जेवताना तेच सांगता, एकदा लिहून तरी काढा, आमचा घास सुखानं उतरेल. म्हणून बसलो.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडं, हायवेपासून आत. बायको बचत गटातल्या बायका घेऊन काळा मसाला करायची. तिच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती, कडबाकुट्टीत गेलेली, लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. पुडीवर काय चित्र टाकायचं यावर बायकांचं भांडण लागलं. कोणी लक्ष्मी म्हणे, कोणी मिरची म्हणे. तेव्हा एकजण चिडून म्हणाली, हिचा थोटा हातच छापा, सगळी पंचक्रोशी त्याच हाताला ओळखते. बायका हसल्या आणि तेच ठरलं. पुडीवर उघडा पंजा, करंगळी अर्धी.

मसाला चालला. पार श्रीगोंद्याच्या बाजारापर्यंत पुड्या जायच्या. मग नगरच्या एका व्यापाऱ्यानं तसाच पंजा छापून भुशासारखा मसाला विकायला काढला. निर्लज्जपणा असा, की करंगळीसुद्धा अर्धीच काढली. कोणीतरी आम्हाला या वकिलाचा पत्ता दिला.

तेव्हा त्याचं ऑफिस जिन्याखाली होतं. पंखा लावला की कागद उडायचे. माणूस गोड बोलायचा. तिला मावशी म्हणाला, मला काका. तिचा हात हातात घेऊन बघितला, शाईचा पॅड मागवला आणि पांढऱ्या कागदावर तिचा पंजा उठवून घेतला. म्हणाला, मावशी, हा कागद मी जिवापाड जपणार, हाच आपला साक्षीदार. ती लाजली. घरी येईपर्यंत हाताची शाई तिनं धुतली नाही.

तारखेला आम्ही एसटीनं नगरला जायचो. आमच्यात कोणी कामाला निघालं की त्याच्या हातावर दही-साखर द्यायची. परीक्षा असो, सोयरीक असो, बाजारला बैल न्यायचा असो. ती कधी चुकायची नाही. कोर्टाच्या दारात वकील काळा कोट चढवून आत निघाला, की ती पिशवीतून डबा काढायची आणि म्हणायची, हात पुढं कर लेका. तो पंजा पुढं करायचा. चमचाभर दही चाटून खायचा, रुमालाला हात पुसायचा आणि आत जायचा. आत त्यानं त्या व्यापाऱ्याला विचारलं, तुमच्या घरात कोणाची करंगळी अर्धी आहे? केस आम्ही जिंकलो. बाहेर येऊन वकील सगळ्यांना सांगत सुटला, आमची केस कायद्यानं नाही जिंकली, मावशींच्या दह्यानं जिंकली.

ती ते वाक्य गावभर सांगायची. दिवाळीला त्याच्या घरी मसाला जायला लागला.

त्यानंतर काही वर्षांनी तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. नगरच्या दवाखान्यात नंबर लावला. सकाळी लवकर बोलावलं होतं. नर्सनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, पाण्याचा थेंबसुद्धा नको. दवाखान्यात गेल्यावर कळलं, भुलीचा डॉक्टर दुसरीकडं अडकलाय. सकाळची दुपार झाली. ती ओठांवरून जीभ फिरवत बसलेली, मी तिच्या शेजारी. मग एकदम पळापळ झाली, स्ट्रेचर आलं. तिला आत नेताना मला राहवलं नाही. घरून निघताना दह्याचा डबा मी पिशवीत टाकला होता. तो मी उघडला. तिनं माझा हात बाजूला केला.

"येडं का खुळं? नर्सबाईनं पानी सुदिक नगं म्हटलंय. ठिवून द्या. भाईर आल्यावर खाते."

मी झाकण लावलं. डबा पिशवीत ठेवला.

ऑपरेशन नीट झालं म्हणाले. तिला खोलीत आणलं. ती अजून गुंगीत होती. तेवढ्यात तिला उलटी झाली. तोंडातून बाहेर कमी आली, आत जास्त गेली. मी नर्सला हाका मारल्या, तिथं कोणी नव्हतं. भुलीचा डॉक्टर कधीच निघून गेलेला. मी तिला कुशीवर करायला गेलो तर नळ्या आडव्या आल्या. माणसं धावत आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. संध्याकाळी मला सांगितलं, आमच्याकडून सगळे प्रयत्न झाले.

दहावं झालं आणि मी वकिलाकडं गेलो. दुसऱ्या कोणाकडं जाणार? आपला माणूस. तिच्या हातचं खाल्लेला. त्याचं ऑफिस आता जिन्याखाली नव्हतं, वरच्या मजल्यावर होतं, काचेचं दार होतं. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, काका, सगळं सांगा, काही राहू देऊ नका. मी सगळं सांगितलं. भुलीचा डॉक्टर उशिरा आला ते सांगितलं. खोलीत कोणी नव्हतं ते सांगितलं. दह्याचा डबा उघडला, तिनं कसा नाकारला, काय शब्द बोलली, तेही सांगितलं. ते सांगताना मला रडू आलं. त्यानं टेबलावरचा कागदी रुमाल पुढं केला. मधे मधे तो विचारत होता, डबा स्टीलचा होता का? तेव्हा जवळ आणखी कोणी होतं का? मला वाटलं, माणूस मन लावून ऐकतोय.

सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, त्या डॉक्टरांचा फोन परवाच आलाय. त्यांचं काम मी घेतलंय. तुम्हाला दुसरा वकील बघावा लागेल.

आधी ऐकलं, नंतर सांगितलं. मी जिना उतरलो आणि एसटी स्टँडकडं चालत निघालो.

मी कर्जतची एक वकीलबाई धरली. प्रामाणिक होती. ग्राहक आयोगात तक्रार टाकली. तिला मी डब्याचं सांगितलं आणि त्यालाही सांगून बसलोय हेही सांगितलं. ती म्हणाली, पोटात दही होतं म्हणून उलटी झाली, असं तो मांडणार. त्याच्यावर तक्रार करायची, तर तुम्ही त्याला हे सांगितलं याला पुरावा काय? बंद दाराआड दोघंच. तो म्हणेल, काका चहा पिऊन गेले.

तिथं सहसा सगळं कागदावर चालतं म्हणतात. पण यानं अर्ज करून मला समोर उभं करायला लावलं. तो कोट चढवून आला. मला बघून मान झुकवली, नमस्कार काका म्हणाला. मग सुरू झाला.

तुमच्याकडे कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही देतात, खरं का? मी म्हणालो, व्हय. तुमच्या पत्नी ही पद्धत कधी चुकवत नसत? न्हाई. गावाबाहेर, अगदी कोर्टाच्या दारातही?

"तुमाला ठावं न्हाई व्हय? तुमीच चाटून खाल्लंय की."

मागं बसलेले हसले. आयोगाच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, विचारलं तेवढंच सांगा. वकील हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुढं गेला.

"ऑपरेशनच्या दिवशी दह्याचा डबा तुमच्या पिशवीत होता?"

"हुता."

"आत नेताना तुम्ही तो उघडला?"

"उघडला. पन तिनं..."

"पण नको, काका. उघडला की नाही?"

"उघडला."

मग त्यानं विचारलं, ते दही आज कुठं आहे. मी सांगितलं, डबा भरलेलाच घरी आला, सुनेनं ओतून दिला, मयत झालेल्या घरात दही कोण जपून ठेवतं. तो म्हणाला, सून म्हणजे तुमच्या घरचीच ना. आणि बसला. आमच्या वकीलबाईनं नंतर मला बोलायला दिलं, मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पण नवऱ्यानं सांगितलेले मेलेल्या बायकोचे शब्द. समोरचे लिहून घेत होते, बघत नव्हते.

ज्या हाताला त्यानं भांडून मान मिळवून दिला होता, त्याच हातावर त्यानं दही ठेवलं. पहिल्या केसमध्ये तो म्हणाला होता, या हातावर लोकांचा विश्वास आहे. दुसऱ्या केसमध्ये म्हणाला, हा हात पद्धत सोडत नाही. दोन्ही वेळा तोच गोड आवाज.

निकालात लिहून आलं, की नातेवाइकांनी खायला दिलं नव्हतंच असं म्हणता येत नाही. तक्रार काढून टाकली. वकीलबाई म्हणाली, वर जाऊ. मी नको म्हणालो. वर जाऊन परत तेच विचारणार. मला पैसा नको होता. तिनं खाल्लं नाही, एवढंच मला कोणाकडून तरी लिहून हवं होतं. उलट तिच्या मरणाला तीच कारण, असं कागदावर कायमचं बसलं.

त्याचं मात्र भलं झालं. पार कोपरगावकडनं डॉक्टर त्याच्याकडं यायला लागले. आमच्या भागातल्या एका डॉक्टरनं मला सहज सांगितलं, त्याला ठाऊक नव्हतं मी कोण ते. म्हणे, तो वकील आमच्या बैठकीत भाषणाला येतो, दवाखाना केसमधून कसा वाचवायचा शिकवतो, आणि दह्याची एक केस सांगतो, हसून मुरकुंडी वळते. मी गोळ्या घेतल्या आणि उठलो.

मागच्या हिवाळ्यात वकिलाचा फोन आला. काका, मसाल्याच्या चित्राच्या नोंदणीची मुदत संपत आलीय, मावशींच्या नावावर आहे, वारस म्हणून सह्या लागतील. आणि येताना दोन पुड्या आणा, आमच्या घरी दुसरा मसाला चालत नाही.

मी गेलो. पुड्या नेल्या नाहीत. त्यानं कागद पुढं सरकवले, पेन दिलं. मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी त्याला अहोजाहो केलं होतं.

"एक सांग. तिनं दही खाल्लं आसंल, आसं तुला वाटतं का?"

त्यानं खुर्ची मागं ढकलली. खोटं बोलेल वाटलं होतं. नाही बोलला.

"नाही, काका. मावशींनी नसणारच खाल्लं. पण ते दाखवून देणं माझं काम नव्हतं. ते तुमचं होतं, आणि तुमच्याकडे काही नव्हतं."

दुकानदाराला भाव विचारावा आणि त्यानं सांगावा, तसं सांगितलं. वर म्हणाला, मनात ठेवू नका, तेही काम होतं, हेही काम आहे. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. दही ज्या जिभेनं चाटलं त्याच जिभेनं हे बोलत होता.

मी म्हणालो, तिच्या हाताचा कागद दे. तो म्हणाला, मूळ कागद इथंच राहू द्या, उद्या कोणी नक्कल केली तर लागेल. मी म्हणालो, तो कागद न्हाई, तिचा हात हाय. त्यानं कारकुनाला फाईल आणायला लावली. पंजाची शाई थोडी तांबूस पडली होती, अर्धी करंगळी स्वच्छ दिसत होती. मी कागद धोतराच्या घडीत घेतला आणि सही न करता निघालो. मुदतीचं काम आता कर्जतची वकीलबाई बघते. गटातल्या बायका मसाला करतात, पुडीवर तोच हात आहे.

पण एक राहिलंच. त्या केसपासून आमच्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत ऑपरेशनच्या खोलीबाहेर पाटी लागली आहे. रुग्णाला आत नेण्यापूर्वी दही, साखर, तीर्थ, अंगारा काहीही देऊ नये, दिल्यास जबाबदारी नातेवाइकांची. कोणाच्या डोक्यातून ती आली ते मला माहीत आहे. डोळ्याचं दाखवायला श्रीगोंद्याला गेलो तेव्हा तिथंही होती. पाटीखाली एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, त्याची बायको आत होती. मी त्याच्या शेजारी बसलो. पिशवीत काय आहे विचारलं. काही नाही म्हणाला आणि पिशवी जवळ ओढली.

मी त्याला म्हणालो, पाटी बरोबर आहे, काही देऊ नका. आमच्या घरच्या बाईलाही ते कळत होतं. तिनं माझा हात बाजूला केला होता. तिनं दही खाल्लं नाही.

त्यानं मान हलवली आणि दाराकडं बघत बसला. मी जिथं ती पाटी बघतो, तिथं खाली बसलेल्याला एवढं सांगून उठतो.